रंगाच्या शोधात : केशवराव धायबर

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या कर्तृत्ववान पुरुषाचे अल्पचरित्र द्यावयाचे, हा प्रघात जुना आहे. बहुधा हा मान न्यायाधीश, इंजिनियर, प्राध्यापक, क्वचित एखादे संस्थानी दिवाण यांच्याकडे जातो. यंदा आम्ही कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या एका गृहस्थाची निवड केली आहे. केशवराव धायबर हे त्यांचे नाव. प्रभात फिल्म कंपनीच्या पाच संस्थापक भागीदारांपैकी ते एक. मराठीतील पहिल्या बोलपटाचे छायालेखक ते होते, आणि हिंदुस्थानातील चित्रपट रंगीत करून दाखविण्याचा जो पहिलावहिला मोठा प्रयत्न १९३३ साली महाराष्ट्रात झाला, त्याचेही छायालेखक तेच. ते आपल्या ज्ञातीचे होते की नव्हते, हा प्रश्न काही सभासद विचारतीलच. निवड करताना आम्ही तो विचारलेला नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या वाचकांनी हे चरित्र का वाचावे, याचे मात्र उत्तर दिले पाहिजे. हे दोन जिल्हे मुळात फारसे दोन नव्हतेच. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. केशवरावांची कर्मभूमी कोल्हापूर आणि पुढे पुणे. प्रभातचे बिऱ्हाड १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास हलले, तेव्हा मध्ये जो मुलूख पडतो तो आपलाच. पण नाते इतक्या भूगोलावर थांबत नाही. केशवरावांनी ज्या कथेला रंग देण्याचा यत्न केला, ती सैरंध्रीची कथा महाराष्ट्राच्या मनात नव्याने पेटविली ती सांगलीच्याच एका सुपुत्राने.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीच्या राजवाड्यात सीतास्वयंवराचा प्रयोग केला, हे आपल्या मुलांनाही पाठ असते. त्याच सांगलीत १८७२ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्मले. त्यांचे कीचकवध हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यात पडलेली मायभूमी आणि मदांध कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हा अर्थ प्रेक्षकांना कोणी समजावून द्यावा लागला नाही. सरकारलाही तो समजला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. दहा वर्षांनी, १९२० च्या फेब्रुवारीत, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी हाच प्रसंग मूकपटात आणला आणि पुण्याच्या आर्यन थिएटरात तो झळकला. तो पाहून लोकमान्यांनी बाबूरावांना सिनेमा-केसरी ही पदवी दिली. त्यानंतर तेरा वर्षांनी प्रभातने तीच सैरंध्री पुन्हा हाती घेतली, या वेळी बोलकी आणि रंगीत.

केशवराव घडले ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. या कंपनीचे वर्णन करावयाचे तर ती कंपनी थोडी आणि गुरुगृह अधिक, असेच करावे लागेल. बाबूराव आणि त्यांचे बंधुतुल्य आनंदराव हे दोघे मुळात नाटकांचे पडदे रंगविणारे. दादासाहेब फाळक्यांचा चित्रपट पाहून दोघांनाही वेड लागले. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नाही, तर तो आपणच करावा असा त्यांनी निश्चय केला. आनंदराव १९१६ साली अकाली गेले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तो कॅमेरा पुरा केला. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवलासाठी पैसा दिला. ज्यांना आपल्याकडे कोणी पतपेढीतून शंभर रुपये देण्यास दहा वेळा विचार करील, त्यांना एका गाणाऱ्या बाईने कारखाना घालण्यास पैसा द्यावा, ही गोष्ट आम्हाला नेहमीच विचार करावयास लावते.

या कंपनीत एकाच कामाला चिकटून राहण्याची सोय नव्हती. पडदे रंगवा, सुतारकाम करा, गर्दीच्या दृश्यात भाला घेऊन उभे राहा, रात्री फिल्म धुवा. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर ही चौकडी अशा शिस्तीत तयार झाली. १९२७ साली नेताजी पालकर या मूकपटाचे दिग्दर्शन शांताराम आणि केशवराव यांनी जोडीने केले. दिग्दर्शनाची ही गोडी केशवरावांना पुढे जन्मभर राहिली. त्यांचे खरे बळ मात्र कॅमेऱ्यात होते, असे आमचे मत आहे.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चार कारागीर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ पाचवे. दिग्दर्शन शांतारामांकडे, ध्वनी दामल्यांकडे, कलायोजना फत्तेलालांकडे, कॅमेरा केशवरावांकडे आणि पैशाची बाजू कुलकर्ण्यांकडे, अशी ढोबळ वाटणी झाली. प्रभातच्या मूकपटांपैकी खुनी खंजर आणि रानीसाहेबा या १९३० सालच्या दोन चित्रपटांवर दिग्दर्शक म्हणून शांतारामांच्या जोडीला केशवरावांचे नाव आहे. रानीसाहेबा हा बजरबट्टू या नावानेही ओळखला जात असे. मुलांसाठी म्हणून काढलेल्या आपल्याकडील अगदी आरंभीच्या चित्रपटांत त्याची गणना होते.

मग बोलपट आला. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात अयोध्येचा राजा प्रदर्शित झाला. मराठीतील हा पहिला बोलपट. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गाबाई खोटे. हिंदी आवृत्ती वेगळी काढावयाची म्हणून प्रत्येक दृश्य दोन भाषांत दोनदा चित्रित करावे लागे. त्याच वर्षी अग्निकंकण आणि मायामच्छिंद्र, पुढच्या वर्षी सिंहगड. या साऱ्यांचा कॅमेरा केशवरावांनी चालविला. दोन वर्षांत एवढे काम करणारा माणूस घरी किती झोपत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

या ठिकाणी त्या काळच्या छायालेखकाच्या अडचणींविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण त्याशिवाय पुढची हकीकत समजणार नाही. जुनी फिल्म निळ्या रंगास जागी आणि तांबड्यास आंधळी असे. त्यामुळे कपाळावरचे कुंकू पडद्यावर काळे ठिपके होऊन दिसे आणि उन्हाने रापलेला चेहरा कोळशासारखा. पुढे सर्व रंगांना जाणणारी फिल्म आली आणि पुष्कळसे दोष गेले. तरीही तांबड्या शालूचा आणि हिरव्या शालूचा राखी रंग सारखाच येण्याचा धोका उरलाच. नायिका आणि तिची दासी शेजारी उभ्या असल्या तर कोणती राणी हे वस्त्राच्या रंगावरून नव्हे, उजेडाच्या तोलावरून दाखवावे लागे. चांगला छायालेखक रंगीत जग डोळ्यांनी पाहतो आणि मनात त्याचे काळ्या-पांढऱ्यात भाषांतर करतो. केशवरावांची मनाची ही सवय वर्षानुवर्षांची होती. सैरंध्रीच्या वेळी ती सोडून देऊन त्यांना उलटी विद्या शिकावी लागली.

रंगाचा मोह का पडला? त्या वेळी अमेरिकेत दुरंगी चित्रपटांची एक लाट येऊन गेली होती. तीन रंगांची टेक्निकलर पद्धत १९३२ साली वॉल्ट डिस्नेच्या एका छोट्या व्यंगपटात नुकतीच दिसली होती आणि संपूर्ण लांबीचा तसला चित्रपट येण्यास १९३५ साल उजाडावयाचे होते. जर्मनीत आग्फा कंपनीची जोडफिल्म उपलब्ध होती. पण आम्हाला वाटते, खरे कारण परदेशात शोधावयास नको. आपल्या प्रत्येक घरात देव रंगीत होते. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तेथील यंत्रे व तंत्रज्ञ जर्मन होते आणि पुढे तो छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन गृहस्थाच्याच मालकीचा झाला. तेथून निघालेली लक्ष्मी, सरस्वती, दमयंती ही साताऱ्यातील वाड्यांत आणि सांगलीच्या पेठेतील दुकानांत सारख्याच भक्तीने टांगली गेली. सैरंध्री हा विषयही रविवर्म्यांनी रंगविला होता. ज्या प्रेक्षकाच्या मनात द्रौपदी रंगीत होती, त्याला राखी द्रौपदी किती दिवस पुरणार? जर्मनीने एकदा आपल्या देवांना रंग चढविला होता, तेव्हा दुसऱ्यांदाही चढवील, असा भरवसा कोल्हापुरात वाटला असल्यास नवल नाही.

आता ही जोडफिल्म म्हणजे काय ते सांगतो. कॅमेऱ्यातून एकाऐवजी दोन फिल्मी, चेहऱ्याला चेहरा लावून, एकदम सरकतात. भिंगातून आलेला प्रकाश आधी पुढच्या फिल्मीवर पडतो. ती निळा-हिरवा भाग टिपते. तिच्या अंगावर तांबड्या रंगाचा पातळ थर असतो, त्यातून गाळून निघालेला तांबडा प्रकाश मागच्या फिल्मीवर उमटतो. अशा रीतीने एकाच क्षणाची दोन निगेटिव्हे मिळतात. प्रिंट काढताना दोन्ही बाजूंना रसायन लावलेली फिल्म घेतात, एका बाजूवर एक निगेटिव्ह छापतात, दुसरीवर दुसरे. मग एका बाजूस निळसर हिरवी छटा देतात आणि दुसऱ्या बाजूस तांबूस नारिंगी. पडद्यावर दोन्ही छटा एकमेकींत मिसळून रंगीत चित्र दिसते.

ऐकण्यास हे सोपे आहे. करताना प्रत्येक पावलाला खड्डा. दोन फिल्मींमध्ये केसाएवढी फट पडली की मागचे चित्र धूसर होते. मागच्या फिल्मीपर्यंत प्रकाश पोहोचेतो तो आधीच विखुरलेला असतो, म्हणून ते चित्र नेहमीच थोडे मऊ येते. भिंगाचा नेम आता एका नव्हे, दोन थरांच्या मीलनरेषेवर साधावा लागतो. प्रकाश नेहमीपेक्षा कितीतरी अधिक लागतो. म्हणजे दिवे अधिक, उष्णता अधिक, नटांच्या चेहऱ्यावरचा रंग घामाने ओघळण्याची भीती अधिक. त्यातून विजेच्या दिव्याचा उजेड पिवळट-तांबूस आणि उन्हाचा निळसर. साध्या चित्रपटात डोळ्याला न जाणवणारा हा फरक रंगीत चित्रपटात चेहऱ्यावरच येऊन बसतो. दोन्ही निगेटिव्हे धुताना एक जरासे अधिक दाट झाले की सारा दरबार नारिंगी होतो, दुसरे दाट झाले की साऱ्यांना कावीळ नव्हे पण निळी छाया होते.

शिवाय दोन रंगांत सारे जग मावत नाही. शुद्ध पिवळा येत नाही, जांभळा येत नाही, पानाचा खरा हिरवा येत नाही. मोरपंखी मात्र सुरेख येतो आणि भगवाही बरा येतो. हळद-कुंकवाच्या देशाला ही पद्धत फारशी मानवणारी नव्हती, हे आमच्या गृहिणी वाचकांच्या लगेच ध्यानात येईल. हळद कुंकवाकडे झुकते आणि कुंकू भगव्याकडे. सोन्याच्या दागिन्यांचेही तेच. मत्स्यदेशाच्या राजवाड्यात सोने, हळद, शालू आणि फुले यांशिवाय दुसरे असते तरी काय?

सर्वांत मोठी अडचण ही की, छायालेखकास आपल्या कामाचे फळ दिसत नव्हते. एरवी प्रभातमध्ये आज घेतलेले दृश्य दामल्यांच्या देखरेखीखाली आपल्याच प्रयोगशाळेत धुतले जाई आणि चूक असली तर सुधारता येई. रंगाची छपाई मात्र येथे होणार नव्हती. ती जर्मनीत व्हावयाची, म्हणजे मध्ये समुद्र आणि आठवड्यांचा प्रवास. स्वयंपाक कोल्हापुरात करावयाचा आणि मीठ चाखावयाचे बर्लिनकडे, असा तो प्रकार. तोवर सेट मोडलेला, पोशाख पेटीत गेलेले.

१९३३ साली शांतारामबापू चित्रपट घेऊन जर्मनीस गेले. तेथेही वारे बदलले होते. त्या वर्षीच्या जानेवारीत हिटलरच्या हाती सत्ता आली होती. छपाई झाली. पडद्यावर जे दिसले ते मनातल्या सैरंध्रीशी जुळत नव्हते. रंग भडक आणि अनैसर्गिक उतरले होते. मास्टर विनायक, लीला, प्रभावती, निंबाळकर अशी प्रभातची जाणती पात्रे त्यात होती. गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही जर्मनीत तयार करविल्या होत्या आणि चित्रपटातील गाणी अशा रीतीने बाजारात येण्याची हिंदुस्थानात ही सुरुवात मानतात. ती गाणी तबकड्यांवर घरोघर गेली. चित्रपट मात्र प्रेक्षकांच्या मनात उतरला नाही आणि रंगाचा नाद प्रभातने सोडला.

अपयशाचा वाटेकरी शोधणे ही आपल्या लोकांची आवडती करमणूक आहे. सैरंध्रीविषयी लिहिताना कोणी छपाईकडे बोट दाखवितात, कोणी प्रभातच्या अननुभवाकडे. आम्ही तंत्रज्ञ नाही. पण वर सांगितलेली पद्धत समजून घेतल्यावर आम्हास असे वाटते की, दोष एका हाताचा नसावा. प्रकाश योजणारा हात आणि प्रिंट काढणारा हात यांच्यात पाच हजार मैलांचे अंतर असताना दोघेही निष्णात असूनही काम बिघडू शकते. याला पुरावा पुढच्या इतिहासातच आहे. चार वर्षांनी, १९३७ साली, अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने किसान कन्या हा रंगीत चित्रपट काढला. त्याची सिनेकलर पद्धतही दुरंगीच होती, हळदीचे दुखणे तिलाही होतेच. पण रंगाची प्रक्रिया या देशातच झाली. चूक आठवड्यात कळत होती, म्हणून ती सुधारता येत होती. किसान कन्या फार चालला असे नाही. तरी पहिला देशी रंगीत चित्रपट म्हणून त्याचे नाव इतिहासात राहिले, आणि तसे राहणे न्याय्यच आहे.

येथे एक विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. ज्या काळात हे घडले, त्या काळात आपल्या मुलखात काय होत नव्हते? कुंडलच्या माळावर १९१० साली उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर ओतले जात होते. कराडजवळच्या ओगलेवाडीत काच वितळत होती आणि तेथला प्रभाकर कंदील खेडोपाडी लागत होता. स्वतः बाबूरावांनी लेथवर कॅमेरा घडविला होता. कंदील, नांगर, कॅमेरा सारे झाले. पण कच्ची फिल्म एक फूटही या देशात होत नव्हती. ती होण्यास १९६७ साल लागले, आणि तीही झाली निलगिरीच्या थंडीत, उटकमंड येथील सरकारी कारखान्यात. यंत्र डोळ्यांनी पाहून हाताने करता येते. रसायनाचे तसे नाही; त्याला पिढ्यांची प्रयोगशाळा लागते. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्त्या ज्यांना मिळतात त्या विद्यार्थ्यांपैकी रसायनाकडे किती वळतात, हे चिटणीसांनी एकदा मोजून पाहावे.

सैरंध्रीनंतर केशवराव खचले असते तर त्यांचे चरित्र येथेच संपले असते. पण जर्मनीच्या त्या फेरीतून शांतारामबापू रिकाम्या हाताने परतले नव्हते. तेथील चित्रपटांतील छायाप्रकाशाची करामत त्यांनी पाहिली होती आणि दूरची वस्तू जवळ आणणाऱ्या टेलिफोटो भिंगाची महती त्यांना पटली होती. प्रभात पुण्यास आली आणि १९३४ साली तेथला पहिला चित्रपट निघाला, अमृतमंथन. छायालेखक अर्थात केशवराव. या चित्रपटात बळी देणाऱ्या पंथाचा राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा एकच डोळा सारा पडदा व्यापून टाकतो, आणि तो पाहून थिएटरातील माणसे खुर्चीत मागे सरकत असत. मशालींचा उजेड, खांबांच्या लांब सावल्या, गाभाऱ्यातील अंधार यांत रंग नाही म्हणून कोणाचे काही अडले नाही. रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला हिंदी बोलपट म्हणून अमृतमंथनचा उल्लेख होतो. रंगाने फसविलेल्या माणसाने वर्षभरात काळ्या-पांढऱ्याकडून असे काम करून घ्यावे, हा आमच्या मते केशवरावांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा पराक्रम होय. सैरंध्रीसाठी उजेडाचा तोल इतक्या बारकाईने मोजावा लागला नसता तर हा हात इतका पक्का झाला असता काय, असाही विचार मनात येतो.

अमृतमंथनमध्ये नलिनी तर्खड या सुशिक्षित तरुणीने राणीची भूमिका केली होती. पुढे केशवरावांचा त्यांच्याशी विवाह झाला. स्मरणिकेत विवाहाची गोष्ट निघाली की गोत्र आणि पोटजात यांचा प्रश्न मागोमाग येतो. तो आम्ही येथे काढणार नाही. प्रभातच्या भागीदारांनी आपसात काही मर्यादा घालून घेतल्या होत्या. कंपनीतील स्त्रियांशी भागीदारांचे वर्तन कसे असावे, याविषयी ते फार दक्ष असत, आणि ज्या काळात सिनेमात जाणाऱ्या मुलीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे ते आठवले, तर ही दक्षता समजू शकते. चांगल्या घरच्या मुली निर्धास्तपणे प्रभातच्या दारात येत, ते याच शिस्तीमुळे. केशवरावांचा विवाह त्या शिस्तीत बसणारा नव्हता. १९३६ साली प्रभातने राजपूत रमणी काढला. दिग्दर्शन केशवरावांचे, नायिका नलिनीबाई. त्याच वर्षी केशवरावांनी कंपनी सोडली. कोल्हापुरात जिची पहिली वीट रचली, त्या संस्थेतून सात वर्षांनी ते बाहेर पडले.

नियम मोडला म्हणून शासन झाले, असे म्हणून हा विषय मिटविता आला असता. पण काळाची लीला पाहा. शांतारामबापूंनी १९४१ साली जयश्री यांच्याशी विवाह केला, आणि १९४२ साली तेही प्रभातबाहेर पडून मुंबईस राजकमल कलामंदिर काढून बसले. ज्याने घर सोडले त्याच्या दुःखाला आणि ज्यांनी सोडू दिले त्यांच्या दुःखाला, दोन्हींना आम्ही मान देतो. विधिपूर्वक केलेल्या विवाहाची किंमत एखाद्याने आपल्या हयातीच्या कामाने मोजली, यात त्याची अप्रतिष्ठा आहे असे मात्र आम्हास मुळीच वाटत नाही. उलट, लपवाछपवी करून भागीदारी टिकविणारेही जगात काही कमी नसतात.

यानंतरच्या काळात केशवरावांनी दिग्दर्शनाची वाट धरली. कृष्णकथेवरील नंदकुमार हा त्यांचा चित्रपट. त्याचा तमिळ अवतारही १९३८ साली त्यांनीच दिग्दर्शित केला, मद्रासकडील ए. व्ही. मेय्यप्पन यांच्या प्रगती पिक्चर्ससाठी. पुढे ए. व्ही. एम. या नावाने ज्यांचा स्टुडिओ दक्षिणेत गाजला तेच हे मेय्यप्पन. या चित्रपटात कृष्ण झालेला मुलगा म्हणजे टी. आर. महालिंगम, पुढे तो तमिळ पडद्यावरील नामांकित गायक-नट झाला. भाषा ठाऊक नसलेल्या मुलखात जाऊन तेथल्या एका मोठ्या गायकाचे पहिले पाऊल पडद्यावर टाकविण्याचे काम कोल्हापूरच्या तालमीतील माणसाने केले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. प्रभातमधील कीर्ती मात्र केशवरावांना पुन्हा लाभली नाही, हेही खरे. पाच बोटांची मूठ सुटली की प्रत्येक बोटाची ताकद वेगळी मोजावी लागते.

रंगाचे पुढे काय झाले? सोहराब मोदींनी १९५३ साली झाँसी की रानी टेक्निकलरमध्ये काढला, त्यासाठी गॉन विथ द विंडच्या छायालेखकांपैकी अर्नेस्ट हॅलर यांना अमेरिकेहून आणविले. शांतारामबापूंचे रंगाचे स्वप्न १९५५ साली झनक झनक पायल बाजे या चित्रपटाने पुरे झाले. छायालेखक जी. बाळकृष्ण होते. सैरंध्रीला तेव्हा बावीस वर्षे झाली होती. पडद्यावर हळद पिवळी दिसली, शेंदूर शेंदरी दिसला आणि लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. बाप्पूंनीच १९६५ साली इये मराठीचिये नगरी हा मराठी चित्रपट रंगात आणला. या साऱ्या कौतुकात सैरंध्रीच्या छायालेखकाची आठवण कोणी विशेष काढली असे दिसत नाही. पहिला चढ चढणाऱ्याचा दम शिखरावरच्या छायाचित्रात येत नसतो.

ज्या सभासदांना केशवरावांचे काम प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की, अयोध्येचा राजा आणि अमृतमंथन हे दोन्ही चित्रपट काळाच्या तडाख्यातून वाचले आहेत. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आहे आणि प्रभातच्या जुन्या आवारात चित्रपटविद्येची सरकारी संस्था आहे. अयोध्येचा राजा पाहताना गंगाकाठच्या दृश्यांतला उजेड पाहावा. अमृतमंथनमध्ये तो डोळा येईल तेव्हा त्याच्या कडेची पापणी किती स्पष्ट आहे तेवढे पाहावे; त्या एका भिंगाचा नेम केशवरावांच्या हातचा आहे.